खोगीरभरती आणि घोड्याची पाठ

पाठ्यपुस्तकात एखादे प्रकरण उगाच घुसडल्यासारखे वाटले, की शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी हमखास म्हणते, "ही सगळी खोगीरभरती!" शाळा सोडून जाणाऱ्याने गाशा गुंडाळला असे आपण म्हणतो. बिबट्या पिंजऱ्यात सापडला, की वर्तमानपत्रात तो 'जेरबंद' होतो. हे तिन्ही शब्द घोड्याच्या सामानातले आहेत. गाशा म्हणजे खोगिरावर घालायचे आच्छादन, जेरबंद म्हणजे घोड्याने मान उडवू नये म्हणून खालून बांधायचा पट्टा आणि खोगीरभरती म्हणजे खोगिरात कोंबायचे भरण. घोडे आपल्या रोजच्या जीवनातून गेले, पण त्यांचे सामान भाषेत राहिले.

खोगिरात चिंध्या, गवत, जुने कापड, हाती येईल ते कोंबले जाई. म्हणून 'खोगीरभरती' या शब्दाला 'निरुपयोगी भर' असा अर्थ आला. घोड्याच्या दृष्टीने मात्र ही भरती मुळीच निरुपयोगी नव्हती. ती कुठे, किती आणि कशी भरली यावर त्याची पाठ शाबूत राहणार की लागणार हे ठरे, आणि घोड्याची पाठ लागली की स्वार पायउतार झालाच. राज्ये घोड्यांच्या पाठीवर उभी होती असे आपण इतिहासात शिकवतो. ती पाठ कशी होती, तिच्यावर काय घालत आणि ती दुखली तर काय करत, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. तो या लेखात विचारू. त्यासाठी कोकणातल्या एका खाडीच्या मुखापासून सुरुवात करू.

अंजनवेलच्या समोरचे बंदर

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातले अंजनवेल हे गाव १९९० च्या दशकात वीज प्रकल्पामुळे सर्वांना माहीत झाले. त्याआधी त्याची ओळख गोपाळगडाची होती. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे दक्षिण तीरावर हा किल्ला आहे आणि समोर, उत्तर तीरावर, दाभोळ. किल्ला खाडीच्या तोंडावर पहारा करी, कारण आत येणारा माल मोलाचा होता. त्या मालात घोडेही होते.

दख्खनच्या हवेत उत्तम जातीचे घोडे पुरेशा संख्येने निपजत नसत. म्हणून शतकानुशतके अरबस्तान आणि इराणच्या आखातातून ते जहाजांनी आणले जात. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाबद्दल एक गमतीदार गोष्ट नोंदवली आहे. राजाचा समुद्रावरच्या चाच्यांशी करार होता : लुटीतला बाकीचा माल चाच्यांचा, घोडे मात्र राजाचे. १४७० च्या आसपास रशियन व्यापारी अफानासी निकितिन होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. तिथून तो जुन्नरला गेला, तर तिथल्या अधिकाऱ्याने तो घोडाच अडकवून ठेवला. मध्यस्थीनंतर तो परत मिळाला. याच निकितिनने दाभोळचे वर्णन घोडे उतरणारे मोठे बंदर म्हणून केले आहे आणि परतीचा प्रवासही दाभोळहूनच केला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगिजांनी दाभोळ जाळले. पुढे घोड्यांच्या व्यापारावर गोव्यातून त्यांनी आपली पकड बसवली.

आता त्या घोड्याचा विचार करा. कित्येक आठवडे जहाजात तो एकाच जागी उभा. 'भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले?' या जुन्या कोड्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे : न फिरवल्यामुळे. वापर थांबला की स्नायू रोडावतात. घोड्याचे रोडावतात ते मुख्यतः पाठीचे आणि मागच्या अंगाचे. म्हणजे दाभोळच्या धक्क्यावर उतरणारा घोडा हा भरल्या पाठीचा नसे. त्याच्यावर लगेच खोगीर कसून कुंभार्ली घाट चढू लागलो, तर तो देशावर पोचेपर्यंत पाठ दुखावलीच म्हणून समजा.

पाठ म्हणजे काय?

घोड्याला छातीचे १८ मणके आणि बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. स्वाराचे ओझे पेलता येते ते खांद्याच्या पात्यामागून शेवटच्या बरगडीपर्यंतच. त्यामागे कंबर, तिला खालून बरगड्यांचा आधार नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना मानेच्या बुडापासून कमरेपर्यंत एकेक लांब स्नायू धावतो. ओझे पडायला हवे ते बरगड्यांवर पसरलेल्या या दोन स्नायूंवर. मधोमध मणक्यांची टोके कातडीखाली जवळजवळ उघडीच असतात. त्यांवर काहीच टेकता कामा नये.

वर्गात करता येईल असे एक गणित करू. स्वार ६० किलो, खोगीर, हत्यारे आणि शिदोरी २० किलो. एकूण ८० किलो. खोगीर नीट बसले आणि १२०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकले, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ६७ ग्रॅमचा भार येतो. एक घन सेंटिमीटर पारा १३.६ ग्रॅम भरतो. म्हणजे हा दाब पाऱ्याच्या सुमारे ५ सेंटिमीटर, अर्थात ५० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतका झाला. आता खोगीर वाकडे बसले आणि प्रत्यक्षात ३०० चौरस सेंटिमीटरवरच टेकले असे समजा. दाब चौपट, सुमारे २०० मिलिमीटर.

डॉक्टर आपला रक्तदाब मोजतात तो याच एककात. निरोगी माणसाचा वरचा आकडा १२० च्या आसपास असतो. पण स्नायूंना प्राणवायू पोचवणाऱ्या केशवाहिन्यांत दाब याहून खूपच कमी, साधारण ३० मिलिमीटर असतो. बाहेरचा दाब त्याहून वाढला आणि तसाच टिकला, तर त्या दबून बंद होतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला जखमा होतात त्या याच कारणाने.

या गणितातून दोन गोष्टी निघतात. पहिली, खोगीर कितीही चांगले असो, ५० हा आकडा ३० पेक्षा मोठाच आहे. घोडा चालताना दाब प्रत्येक पावलाला कमीजास्त होतो आणि त्या उसंतीत रक्त वाहते, म्हणूनच निभावते. दुडक्या चालीत मात्र स्वाराचा भार क्षणोक्षणी सुमारे दुप्पट होऊन आदळतो. म्हणजे निर्दोष खोगीर नसतेच. मधूनमधून उतरून पायी चालणारा स्वार हा चांगल्या खोगिराचाच भाग असतो. दुसरी, दाबाला कातडीपेक्षा स्नायू लवकर बळी पडतो. वरून केस, कातडी सारे धड दिसते आणि आत स्नायू दुखावलेला असतो. जखम दिसते तेव्हा खूप उशीर झालेला असतो.

घाम टिपणारी गादी

'खोगीर' हा शब्द फारशीतून आला. त्याचा मूळ अर्थ 'घाम टिपणारे'. म्हणजे मुळात ती जिनाखाली घालायची गादी. जीन म्हणजे वरचे बसायचे आसन. ते बनवणारे ते जिनगर. दख्खनमध्ये गादीलाच महत्त्व येऊन खोगीर हेच आसनाचे नाव झाले. जाड कापड, नमदा, आत लोकर, केस किंवा कापूस, वर गाशा आणि पोटाखालून आवळायचा तंग. लाकडी सांगाड्याची जिनेही वापरात होती, पण मऊ खोगीर हलके, स्वस्त आणि गावात दुरुस्त होणारे होते. चपळ घोडदळाला ते सोयीचे होते.

त्याचे गुण उघड आहेत. ते घोड्याच्या अंगाप्रमाणे आकार घेते आणि घाम शोषते. दोषही तितकेच खरे. आत कठीण सांगाडा नसल्याने स्वाराचे वजन दूरवर पसरत नाही. ते त्याच्या बैठकीखाली आणि रिकिबीचे पट्टे जिथे लटकतात तिथे एकवटते. आजकाल खोगिराखाली दाब मोजणारी चादर घालून प्रयोग होतात. त्यांतही बिनसांगाड्याच्या आसनाखाली मध्यभागी दाब जास्त आढळला आहे. शिवाय भरण वापराने दबते, त्याचे गोळे होतात आणि मधली खाच बुजून गादी कण्यावर टेकते.

सह्याद्रीत आणखी एक अडचण. घाट चढताना खोगीर मागे सरकून कमरेवर जाते, उतरताना पुढे येऊन खांद्याला घासते. म्हणून छातीवरून पेशबंद आणि शेपटीखालून दुमची. हे दोन पट्टे नसतील, तर तंग जास्त आवळावा लागतो आणि पाठीचे दुखणे पोटापर्यंत जाते.

माणसाने या प्रश्नावर फार पूर्वी विचार केलेला दिसतो. सायबेरियाच्या अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक येथे बर्फात टिकून राहिलेल्या थडग्यांत सुमारे सव्वादोन ते अडीच हजार वर्षांपूर्वीची खोगिरे सापडली. त्यांत केसांनी भरलेल्या दोन उशा आहेत, कण्याच्या दोन बाजूंना एकेक, मध्ये मोकळी जागा. पुढे लाकडी सांगाडा आला, त्याने वजन लांबवर पसरवले. १८५९ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या मॅक्लेलन खोगिरात बैठकीच्या मधोमध लांब फट ठेवलेली आहे. तत्त्व तेच : कणा मोकळा, भार बाजूंवर.

दाभोळ मामल्यातली एक पावसाळी छावणी

पाठ दुखावली तर मग करत काय? इथे पुन्हा अंजनवेलच्या खाडीकडे वळू. १६६० च्या सुमारास दाभोळचा मुलूख शिवाजी महाराजांकडे आला. या खाडीतून वर गेले की चिपळूण. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ हलवर्ण येथे, दाभोळ मामल्यात, महाराजांच्या पागेचा मुक्काम होता. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लागता कामा नये या भावनेसाठी ते नेहमी सांगितले जाते. पण ते पत्र मुळात घोड्यांविषयीही आहे.

पावसाळ्यासाठी दाणा-वैरणीचा साठा मोठ्या यातायातीने केला आहे; तो आताच मनास येईल तसा उधळला तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. मग तुम्ही रयतेला छळाल आणि लोकांना मोगल बरे वाटू लागतील, हा इशारा त्यापुढचा. गवताच्या गंजीजवळ आग करू नका. उंदीर जळती वात ओढून नेईल, इतक्या बारकाव्यापर्यंत पत्र जाते.

पत्रात खोगिराचा उल्लेख नाही. पण पावसाळी छावणी हाच दुखऱ्या पाठीवरचा सर्वांत मोठा इलाज होता. सभासदाच्या बखरीत सांगितले आहे, की पाऊस लागताच लष्कर परत यावे. छावणीत दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा तयार असाव्यात. दसऱ्याला पुन्हा कूच व्हावे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. पाठीवर खोगीर नाही, पोटात चंदी आणि रोज खरारा, असे जवळजवळ चार महिने. दुखावलेला स्नायू भरून यायला याहून चांगला उपाय आजचा पशुवैद्यही सांगणार नाही. साठा संपला असता तर घोडी केवळ उपाशी राहिली नसती. दसऱ्याला ती रोडक्या पाठीने खोगिराखाली गेली असती.

एक भेद लक्षात घ्यायला हवा. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. शिलेदाराचा घोडा गेला की त्याची रोजीच गेली, म्हणून तो त्याला जपे. कधी इतका, की लढाईत पुढे घालायला कचरे. बारगिराच्या घोड्याला जपायचे कोणी? त्यासाठी हवालदाराची नजर आणि वरून येणारी अशी पत्रे लागत.

भरती वाढवू नका

एकोणिसाव्या शतकात हा अनुभव शास्त्राच्या चौकटीत आला. १८८६ साली मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १८९१ साली फ्रेडरिक स्मिथ या ब्रिटिश लष्करी पशुवैद्याने खोगिरे आणि दुखऱ्या पाठी या एकाच विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तरीही १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिशांचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले. लढाईत पडलेले त्यांत थोडे; बहुतेक थकवा, उपासमार आणि रोगराईने. पाठीचा प्रश्न पोटापासून वेगळा नसतो. मोहिमेत घोडा रोडावतो, पाठीचा आकार बदलतो आणि दसऱ्याला नेमके बसणारे खोगीर होळीला बोचू लागते. म्हणून घोडदळात खोगिराखाली घडीची कांबळ घालत. घोडा वाळला की घडी बदलायची.

दुखऱ्या पाठीच्या घोड्यासाठी खोगीर निवडताना सर्वांत सामान्य चूक कोणती? अधिक मऊ, अधिक जाड गादी घालणे. बूट आधीच घट्ट असेल तर दोन मोजे घालून तो सैल होत नाही, आणखी आवळतो. तसेच इथे होते. जुन्या जाणत्यांचा उपाय उलटा होता : दुखऱ्या जागेखालचे भरण काढून तिथे खळगा ठेवायचा आणि भार भोवतालच्या निरोगी भागावर टेकवायचा. कण्याच्या वर हात जाईल एवढा बोगदा मोकळा हवा. खांद्याचे पाते हलायला जागा हवी. शेवटच्या बरगडीमागे काही जाता कामा नये. आणि पाठ बरी होईपर्यंत सर्वांत चांगले खोगीर म्हणजे खोगीर न घालणे.

लांब मजलीनंतर खोगीर झटकन उतरवू नये, तंग सैल करून थोडा वेळ तसेच ठेवावे, असाही घोडदळाचा नियम होता. तासन् तास दबलेल्या भागात रक्त एकदम धावले तर सूज येते, हा त्यामागचा विचार.

पाठीवरची बखर

घोडा बोलत नाही, पण त्याची पाठ बोलते. खोगीर काढल्यावर घामाने भिजलेल्या पाठीवर मध्येच कोरडा डाग दिसला, तर तिथे दाब इतका होता की घामच आला नाही. पाठीवरून तळहात दाबत नेला तर दुखऱ्या जागी घोडा अंग चोरतो, कान मागे टाकतो. तंग आवळताना चावायला येणारा घोडा पुष्कळदा द्वाड नसतो, दुखावलेला असतो. आणि खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे पुंजके असतील, तर ती जुन्या दुखण्याची नोंद आहे. दाबाने केसांच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी मेल्या, की तिथे पुढे पांढरे केस येतात. ही बखर खोटी लिहिता येत नाही.

हे सर्व पाहायला इतिहासात जावे लागत नाही. सहलीला माथेरानला गेलात, तर तिथे आजही माणसे आणि सामान घोड्यांवरून जाते. विद्यार्थ्यांना घोड्यावर बसवण्याआधी खोगिराखाली पाहायला सांगा. गावातल्या शाळेला तर बैल जवळचे आहेत. जुवाने बैलाचा खांदा येतो तो याच दाबामुळे. पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या खांदेमळणीत शेतकरी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतो. तो सण आहेच, पण वर्षातून एकदा तरी जनावराचा खांदा हाताने तपासण्याची ती रीतही आहे.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. जाड स्पंजावर वीट एकदा आडवी आणि एकदा उभी ठेवा. स्पंज किती दबतो ते पट्टीने मोजा. मग उभ्या विटेखाली कापडाच्या घड्या घालत जा आणि प्रत्येक वेळी मोजा. नुसत्या मऊ घड्यांनी फार फरक पडत नाही हे दिसेल. त्याच विटेखाली एक रुंद फळी ठेवली, की स्पंज एकदम कमी दबतो. सांगाडा आणि भरण यांतला फरक मुलांना हाताने कळेल. त्यानंतर 'खोगीरभरती' या शब्दाचा अर्थ विचारा. अंजनवेलसमोर उतरलेल्या घोड्यापासून हलवर्णच्या पागेपर्यंतचा इतिहास सांगायला तिथून सुरुवात करता येईल.